करपलेली कड खाणारा हिरो

ज्योतीचं नवऱ्यावर फार प्रेम आहे आणि ते हुमनाबादच्या बायपासपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, कारण ती सांगते. माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही पाच जणी ज्वारीच्या कडक भाकरी करतो. पापडासारख्या पातळ थापायच्या, तव्यावर भाजायच्या, चुलीच्या कडेला उभ्या करून खणखणीत वाळवायच्या आणि धाब्यांना पाठवायच्या. थापण्यात ज्योतीचा हात धरणारी कुणी नाही. पण तिसऱ्या भाकरीला तिच्या तोंडून नवऱ्याचं, रामकिशनचं नाव निघालं नाही, असा एकही दिवस मला आठवत नाही. आमचा रामकिशन मंठाळच्या संघातून कबड्डी खेळायचा. आमचा रामकिशन मला असं करतो, आमचा रामकिशन मला तसं करतो.

माझ्या पोटात दुखायचं. माझे मालक लग्न झाल्यापासून मला ‘आगं ए’ म्हणतात, नाव विसरले असतील तर मला नवल वाटणार नाही. त्यामुळे ज्योतीचं पुराण सुरू झालं की मी लाकडं सारायला उठायचे. बाकीच्यांनी तर केव्हाच कान बंद करून घेतले होते. एकटी शिवलीला तेवढी ऐकायची, कारण ती नवीन होती आणि स्वभावानं गरीब होती.

शिवलीला आमच्यात वयानं लहान. तिचा नवरा हैदराबादला कंपनीत. वाळलेल्या भाकरी मोजून गठ्ठे बांधायचं आणि ते रामकिशनच्या टेम्पोत चढवायचं काम तिच्याकडे, कारण आमचा माल धाब्यांवर पोचवतो तो रामकिशनच. ती कानडी शाळेत शिकलेली. तिच्या फोनवर कानडी कादंबऱ्या येतात, रोज एक भाग. आम्हाला बाजारातली कानडी येते, भांडायला तर फार छान येते, पण पुस्तकातली डोक्यावरून जाते. अक्षरं वाचायचं तर नावच नको, आम्ही सगळ्या मराठी शाळेच्या. म्हणून असं ठरलं की शिवलीलानं वाचायचं, वाचता वाचता मराठीत सांगायचं आणि तिच्या वाटचं काम आम्ही चौघींनी उचलायचं.

कादंबरी कबड्डीची निघाली. समर्थ नावाचा मोठ्या लीगमधला चढाई करणारा खेळाडू आणि त्याच्या दुखऱ्या गुडघ्याला मालिश करणारी डॉक्टरीण मेघना. दोघं आधी भांडले, मग गुडघा बरा होत गेला तसे भांडायचे थांबले. आम्ही पाचही जणी समर्थवर फिदा होतो. तो सामना हरला त्या दिवशी माझ्या दोन भाकरी करपल्या, आणि मी मालकीण असल्यामुळे मला कुणी बोललं नाही.

मग एक दिवस समर्थनं चढाईला जाताना मातीला हात लावून कानाची पाळी ओढली. ज्योती हसली. “आमचे हे बी असंच करायचे,” म्हणाली.

पुढच्या आठवड्यात समर्थ मेघनाला शेंगा सोलून द्यायला लागला. स्वतः एक दाणा खायचा नाही, सगळे तिच्या ओंजळीत टाकायचा. या वेळी ज्योती हसली नाही. आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी दोघं जेवायला बसले, तर समर्थनं तिच्या ताटातल्या भाकरीची करपलेली कड काढून आपल्या ताटात घेतली आणि मधला मऊ तुकडा तिच्यासाठी ठेवला. मी मनात म्हटलं, असा मेला कुठं मिळतो! वळून पाहते तर ज्योतीचा हात परातीत तसाच थांबलेला आणि नजर शिवलीलावर रोखलेली.

त्या दिवसापासून तिचं रामकिशन रामकिशन बंद झालं. टेम्पोचा हॉर्न वाजला की तीच उठून दाराशी जायची. शिवलीला गठ्ठा उचलायला लागली की “ठेव, मी देते,” म्हणून हिसकून घ्यायची. रामकिशन आपला डोकं खाजवत गठ्ठे मोजायचा. शिवलीलानं त्या आठवड्यात नवी हिरवी साडी नेसली, तर ज्योती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “भाकरी बांधायला एवढं नटायचं कामून लागतं, सोजराक्का?” साडी फार सुंदर होती, मलाही ती बघवत नव्हती, म्हणून मी मान हलवली.

शेवटी तिनं ती कादंबरी आपल्या फोनवर घेतली आणि कानडी शाळेत नववीला असलेल्या लेकीला वाचायला बसवलं. पोरगी तासभर वाचत बसली. मध्येच लाजून म्हणाली, “इथलं सोडून देऊ का, मम्मी?” ज्योती म्हणाली, “सोड, पण भाकरी कुठं है ते बघ.” पोरीनं पुढं मागं सगळे भाग धुंडाळले. भाकरी नव्हती. शेंगा नव्हत्या. कानाची पाळीही नव्हती. समर्थ बेंगळूरचा, पिझ्झा खाणारा आणि मेघनाला गुलाबाची फुलं पाठवणारा होता.

दुसऱ्या दिवशी ज्योती शेडमध्ये आली ती परातीला न शिवता माझ्यासमोर उभी राहिली. “हिला काढा, सोजराक्का. न्हाईतर मी चालले. अन् यांचा टेम्पो बी येणार न्हाई.”

शिवलीला गठ्ठ्याची दोरी हातात धरून तशीच राहिली. “काय झालं, अक्का?”

“मला विचारायलीस? पुस्तकात नसलेलं तू कुठून सांगायलीस? कड काढून देतो, शेंगा सोलून देतो, हे तुला कसं ठावं? कुठं बसून शेंगा खायलाव तुमी दोघं?”

सगळ्या चुलींवरच्या भाकरी करपायला लागल्या आणि कुणीच त्या उलटल्या नाहीत. मला वाटलं, आता ही पोरगी रडत घरी जाणार आणि गठ्ठे बांधायला मला दुसरी शोधावी लागणार. शिवलीलाचे डोळे भरले खरे, पण ती जागची हलली नाही.

“तुमीच सांगितलं की,” ती म्हणाली. “मी नवीन आले तवापासून रोज सांगायलाव. तुमचं तुमालाच आठवंना व्हय? त्या कादंबरीत तो तिला फुलं देतो, मोठ्या हाटेलात नेतो. वाचताना मला काहीच वाटंना. ‘तो तिला लई जीव लावतो’ असं आलं की तुमचं बोलणं आठवायचं. म्हणून तेच सांगितलं. माझ्याजवळचं काय सांगू? माझा नवरा दिवाळीला येतो अन् जाईपर्यंत फोनमध्येच असतो. तुमचं आयकून जळायचे मी, अक्का. रोज जळायचे.”

आता ज्योती शांत होईल, असं मला वाटलं. नवरा निर्दोष सुटला, संशय फिटला, अजून काय पाहिजे? पण तिचा चेहरा उतरतच गेला. ती परातीशी बसली.

“तो आता करत न्हाई गं,” ती म्हणाली.

“काय करत न्हाई?”

“शेंगा सोलत न्हाई. कड काढत न्हाई. लग्न झाल्यावर थोडे दिवस केलं, पोरगी झाली अन् बंद झालं. आता ताट पुढं ठेवलं तर वर बघत न्हाई. मी आपलं जुनंच सांगायले रोज. तुझ्या तोंडून आयकलं अन् वाटलं, माझं बंद करून आता तुला करायलाय.”

मला हसावं की रडावं ते कळेना. ज्या सुखापायी मी इतकी वर्षं जळले, ते या बाईच्या घरी नव्हतंच. माझं एवढं जळणं फुकट गेलं. तिच्यावर आणखीच राग आला, आणि मग जवळ जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. मी ठेवलाही.

ज्योतीनं पदरानं तोंड पुसलं, पीठ पुढं ओढलं आणि शिवलीलाकडे न बघता म्हणाली, “पुढचं सांग. ते फुलाबिलाचं नको. आमच्या यांचंच सांग.”

“तुमी सांगितलेलं सगळं संपलं की, अक्का,” शिवलीला हळू आवाजात म्हणाली. “आता काय सांगू?”

ज्योतीनं गोळा परातीत ठेवला आणि थापायला घेतला.

“त्याचा गुडघा पुन्हा मोड,” ती म्हणाली. “खेळू नको देऊ त्याला. चार महिने घरी बसू दे, तिच्यापाशी.”