ताणावरची बाग

कडुलिंबाच्या मोहोराला सावलीत एक वास असतो आणि उन्हात दुसरा. त्या सकाळी गेवराईच्या न्यायालयाच्या आवारात दोन्ही वास एकाच वेळी येत होते. झाडाखाली टेबले मांडली होती आणि हिरव्या कापडावर बारीक पांढरी फुले आवाज न करता पडत होती. लोकअदालतीच्या एका टेबलावर मला पंच म्हणून बसायचे होते, आयुष्यात पहिल्यांदाच. महाविद्यालयात मराठी शिकवणे आणि कवितेच्या ओळी कानाशी धरून ऐकणे एवढेच मला येते. तरीही बोलावणे आले, आणि मी खळीची सुती साडी नेसून, न्याय ही जणू देवळात जाण्यासारखी गोष्ट असावी अशा भावनेने तिथे पोहोचले.

आम्ही तिघे होतो. मधोमध एक निवृत्त न्यायाधीश, उजवीकडे एक वकील, डावीकडे मी.

“कोणाचे खरे, ते आपण सांगायचे ना?” मी हळूच विचारले.

“सांगा की,” न्यायाधीश हसले. “ज्याच्या विरुद्ध जाईल तो उठून चालू लागेल. इथे दोघांची मान हलली तरच कागद होतो, बाई. नाही तर दावा पुन्हा आत.”

“आत गेला की निकाल ऐकायला नातवंडे येतात,” वकील म्हणाले.

दुपारच्या सुमारास तलवाड्याकडच्या एका वस्तीवरचे बहीणभाऊ समोर आले. भाऊ चाळिशीचा, आजारातून उठल्यासारखा पिवळट. बहीण त्याच्याहून मोठी, डोक्यावरचा पदर कानामागे घट्ट खोचलेली. दोघे एका बाकावर बसले, पण मध्ये तिसरे माणूस मावेल इतकी जागा ठेवून. त्या जागेवरही मोहोर पडत होता.

वकिलांनी दावा थोडक्यात सांगितला. बहीण विधवा होऊन माहेरी परतली, तेव्हा भावाने आपणहून तिला जमिनीचा तुकडा आणि विहिरीचे अर्धे पाणी दिले होते. आता त्याला ते पाणी बंद करून हवे होते. मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला त्याने कुलूपही घातले होते. तिकडे बहिणीचा कांदा नेमका पोसण्याच्या दिवसांत कोरडा पडला होता. आठवडाभरात पाणी मिळाले नाही, तर तिचे वर्ष गेले.

“कावून बंद करायलाव पाणी?” न्यायाधीशांनी त्याच्याच बोलीत विचारले.

“तिनं माजी बाग मारली, साहेब.”

मोसंबीचा बहर धरायचा म्हणजे थंडीत झाडांचे पाणी तोडायचे. पाने मलूल होतात, कडेने वळतात. झाड आता जाते की काय असे वाटू लागते. मग नेमक्या दिवशी पाणी सोडले, की साऱ्या फांद्या पांढऱ्या होऊन घमघमतात. याला ताण देणे म्हणतात. ताण मध्येच मोडला, तर झाड फुलायचे विसरते आणि नुसती पालवी फेकते. त्याच्या बागेने यंदा पहिल्यांदाच बहर धरायचा होता. बाग ताणावर ठेवून तो अंबाजोगाईच्या दवाखान्यात भरती झाला, आणि परत आला तेव्हा बाग हिरवीगार होती. एकही कळी नव्हती.

मी डोळे मिटले. न आलेल्या फुलांचा वास कसा असेल, ते शोधत राहिले. मोहोर, चहा, जुने कागद यांच्या पलीकडे तो कुठेतरी असावा असे उगाच वाटत होते.

“पाट फुटला असेल,” वकील म्हणाले.

“पाट फुटल्यावर खालच्या चार वळी भिजत्यात, साहेब. हिनं सगळी बाग भिजवली. एकेक आळं भरलं, काठोकाठ! खोरं घिऊन झाडामागं झाड फिरली. इतकी दुश्मनी आसती का कुठं?”

आपली बाजू मांडण्याऐवजी बहीण बोटाने बाकावरची फुले एका रेषेत लावत होती.

मला मात्र ते चित्र दिसू लागले होते: हिवाळ्यातले मऊ ऊन, पाटातून सरकणारे पाणी, एका आळ्यातून दुसऱ्यात त्याला वळवणारी एकटी बाई, ओल्या मातीचा वाफाळ वास. हे द्वेषाचे काम वाटत नव्हते. द्वेषाने माणूस पाट फोडून निघून जाईल.

“आक्का,” मी म्हणाले, “पाणी देताना झाडं कशी दिसत होती?”

तिची बोटे थांबली. “कशी दिसनार, बाई. पानं मुडपली हुती. लेकराचं तोंड सुकतंय तशी.” मग माझ्याकडे पाठ करून ती थेट भावाला म्हणाली, “तू तिकडं सलाईनवर. हितं झाडं वाळायलेली. म्या म्हनलं, झाड जगलं तर मानूस बी जगंल. दोन दिस हातातलं खोरं खाली ठिवलं न्हाई.”

“ताण हुता, आक्का!”

“मला काय ठावं ताण! माज्या सासरी बाजरी आन तुरी. मी लगीन हून गेलते तवा हितं एक तरी मोसंबी हुती का? तू सांगून गेलता का?”

“मग आल्यावर सांगितलं कावून न्हाई?”

“तू इचारलंस? वकिलाचा कागद धाडलास. मी म्हनं प्रतिवादी! ह्येला कडंवर घिऊन हिंडले मी, साहेब. माजी कंबर अजून दुखती.”

वकील खाली बघून हसले. भावाचा चेहरा मात्र हलला नाही. बराच वेळ तो तिच्या हातांकडे बघत राहिला. मला आठवतो तो त्या वेळेचा संथपणा. शेजारच्या टेबलांवरचे आवाज पाण्याखालून यावेत तसे येत होते, आणि एक चिमणी टेबलाच्या कडेवर उतरून पुन्हा उडाली.

न्यायाधीशांनी काही सुचवावे म्हणून मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी डोळ्यांनीच मला थांबवले.

मग भाऊ उठला, झाडाच्या बुंध्याकडे तोंड करून उभा राहिला आणि सदरा वर करून चाचपडू लागला. पेटीच्या कुलपाची किल्ली करगोट्याला बांधलेली होती. गाठ सुटेना.

“आन हिकडं,” बहीण म्हणाली. “लहानपनापासून तसलीच गाठ मारतंय येडं.”

भर न्यायालयात, साऱ्यांसमोर तो लहान मुलासारखा तिच्यापुढे उभा राहिला, आणि तिने ओठ आवळून ती गाठ सोडवली. किल्ली तिने त्याला परत दिली नाही, पदराच्या टोकाला बांधली.

“बहर तर गेलाच,” तो म्हणाला. आवाजात राग उरला नव्हता, पण दुःख होते.

“गेला,” ती म्हणाली. “फुडल्या साली ताण कवा धरायचा ते मला सांग. मग मी तिकडं बघनार बी न्हाई. झाडं रडली तरी.”

पाणी पूर्वीसारखेच अर्धे-अर्धे, असा तडजोडीचा कागद झाला. त्याने सही केली. तिने अंगठा दिला आणि शाईचे बोट मोहोरात पुसले. माझीही सही झाली. मी काहीच ठरवले नव्हते.

फाटकाकडे जाताना ती दोघे पुढे-मागे चालत होती. तिने मागे न बघता विचारले, “आज लाईट कवा हाय?”

“सांजच्याला.”

“मग पैली पाळी माजी. कांदा तहानलाय.”

“घे की. खोरं धरायला येतू मी.”

“तू नगं. तू पडून ऱ्हा गप,” ती म्हणाली, आणि पदराची गाठ एकदा चाचपून पाहिली.