अंबाडीच्या गाठी

कलकत्त्याला आलो तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो आणि धाग्यातलं आपल्याला कळतं अशी माझी खात्री होती. मुंबईत दहा वर्षं मी कापसाची पारख केली होती. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढायचा, तंतूची लांबी नजरेनं मोजायची आणि गाठीवर खूण करायची, हे माझं काम. वडिलांनीही खानदेशात हेच केलं होतं. त्यामुळे कलकत्त्याजवळच्या बजबजच्या एका तागाच्या गिरणीत माल निवडायच्या खात्यात जागा निघाली आणि ओळखीतल्या एकानं माझं नाव सुचवलं, तेव्हा तिथं नवं शिकायला फारसं काही असेल असं मला वाटलं नाही. कापूस काय आणि ताग काय, शेवटी सूतच काढायचं.

फाळणीला तेव्हा वर्ष झालं होतं. बायको आणि मी, आम्ही भवानीपूरला दोन खोल्या घेतल्या. मी सकाळी ट्रामनं बालिगंजपर्यंत जाई आणि तिथून सियालदहहून येणारी बजबजची गाडी धरी. गिरणी नदीला लागूनच होती. माल निवडायची पडवी इतकी लांब, की एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाहून ओळखू येत नसे.

त्या पडवीचे मुख्य एक बंगाली गृहस्थ होते. त्यांच्या हुद्द्याला तिकडे जाचनदार म्हणतात, म्हणजे तागाची प्रत ठरवणारा. साठीच्या आसपासचे, मैमनसिंगकडचे. देह किरकोळ, धोतर गुडघ्यापर्यंत आणि हात मात्र एखाद्या धिप्पाड माणसाचे असावेत तसे रुंद. मी त्यांना काकाबाबू म्हणू लागलो. ते मला नुसतं बाबू म्हणत. आमची भाषा म्हणजे त्यांची पूर्वेकडची बंगाली आणि माझी मुंबईची हिंदी. हळूहळू दोन्ही एकमेकींत मिसळल्या.

पहिल्या दिवशी मी खिशातून वही काढली, तर ते म्हणाले, "लिहू नका. हात लावा."

मी हात लावत राहिलो. ताग कापसासारखा नसतो. तो माणसाहून उंच असतो. वरचं टोक एक बोलतं आणि बुडखा दुसरंच. पाण्यात किती दिवस कुजवला, कोणत्या पाण्यात कुजवला, सोलताना घाई केली का, वजन वाढावं म्हणून विकायच्या आधी ओला केला का, हे सगळं त्या लांब केसांसारख्या जुडीत असतं. ते सापडायला मला तीन महिने लागले आणि सापडलं तेही अर्धंमुर्धं. काकाबाबू डोळे न उघडता जुडीवरून हात फिरवत आणि माल कोणत्या नदीकाठचा ते सांगत. मी दोनदा व्यापाऱ्याच्या चिठ्ठीवरून पडताळून पाहिलं. दोन्ही वेळा ते बरोबर निघाले.

पुढच्या वर्षी आपल्या रुपयाचं मोल उतरलं, सरहद्दीपलीकडच्यांनी त्यांचं उतरवलं नाही, आणि पूर्व बंगालातून येणारा ताग जवळजवळ थांबला. गिरण्या सरहद्दीच्या अलीकडे आणि शेतं पलीकडे, अशी गत. मग आसाम, बिहार, ओरिसा, जिथून मिळेल तिथून माल येऊ लागला. काही आठवडे साचे अर्धे बंद असत.

काकाबाबूंचं तीस वर्षांचं ज्ञान त्या मालाला लागू पडेना. हात फिरवायचे, थांबायचे आणि म्हणायचे, "हा माझ्या ओळखीचा नाही." मग ज्या गाडीवानानं माल आणला त्यालाच ते विचारत: हा कुठे पिकतो, पाणी वाहतं असतं की साचलेलं, कापणी फुलावर करतात की शेंगेवर? गाडीवान हसत. एकदा पूर्णियाकडच्या एका हमालाशी ते असे तासभर बोलत बसले होते. हमाल गाठीवर आणि जाचनदार जमिनीवर.

मला ते कमीपणाचं वाटायचं. आपल्या जागेचा मान राखायला हवा, असं मी एकदा आडून सुचवलंही. त्यांना ते कळलं नाही किंवा कळून त्यांनी सोडून दिलं.

अशात एका सकाळी दक्षिणेकडून वेगळ्याच गाठी आल्या. तंतू फिकट, चकचकीत, तागासारखा पण ताग नव्हे. चिठ्ठीवर मेस्टा असं लिहिलं होतं. काकाबाबूंनी एक जुडी उपसली, नाकाशी नेली आणि नकारार्थी मान हलवली.

मी जुडी हातात घेतली आणि ओळखली. "ही अंबाडी," मी म्हणालो. "आमच्याकडे हिचे दोर वळतात. पाल्याची भाजी करतात."

त्यांचा चेहरा उजळला. "तुमच्याकडची? मग बसा. मला शिकवा."

ते खरोखरच खाली बसले. पडवीतले चारपाच लोक बघत होते. दीड वर्ष मी या माणसाकडून एकेक गोष्ट गोळा करत होतो आणि आज तो मला विचारत होता. अंबाडीबद्दल मला काय ठाऊक होतं? लहानपणी बांधावर उभी पाहिली होती. दोर वळणारे गावाबाहेर बसत, त्यांच्याजवळून मी शाळेत जात असे. याउपर काही नाही. पण त्या क्षणी मी बोलत सुटलो. माल मऊ आहे म्हणालो. रंग चांगला आहे, चमक चांगली आहे, बारीक कापडाच्या उभ्या धाग्यात निम्म्यानं घालायला हरकत नाही. मऊ करायला लागणारं तेलपाणीही तागाइतकंच पुरेल. कापसाच्या पारखीत ज्या खुणा चांगल्या मानतात त्याच मी अंबाडीला लावत होतो.

"तुमची खात्री आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो.

त्यांनी गाठींवर खूण केली.

तिसऱ्या दिवशी कताईखात्यातून निरोप आला. आम्ही गेलो तेव्हा साच्यांच्या एका अख्ख्या रांगेवर सूत तुटत होतं. एक धागा जोडावा तर शेजारचे दोन तुटत. कामगार घामाघूम झाले होते आणि त्यांचा सरदार, म्हणजे मुकादम, आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात शिव्या देत होता. जमिनीवर सालीचा भुसा पडला होता. गिरणीचा साहेब आला. तो स्कॉटलंडचा होता, रागावला की हळू बोलायचा. तुटलेल्या सुताचा पुंजका पुढे धरून त्यानं विचारलं, हा माल कोणी पास केला?

"मी," काकाबाबू म्हणाले. "खूण माझी आहे."

साहेबानं त्यांना जे बोलायचं ते माझ्यासमोर, सरदारासमोर आणि दोन डझन कामगारांसमोर बोलून घेतलं. मी तिथेच उभा होतो. एक वाक्य बोलायला हवं होतं आणि ते मी बोललो नाही. साहेब गेला, काकाबाबूंनी तो पुंजका खिशात घातला आणि आम्ही पडवीकडे परतलो.

संध्याकाळी घरी मी बायकोला सगळं सांगितलं. माझा दोष थोडा सौम्य करून सांगितला असणार. ती विळीवर भाजी चिरत होती. हात न थांबवता म्हणाली, "अहो, अंबाडी तुम्ही ताटात वाढली तरच ओळखता. शेतातली तुम्हाला कधी कळली?"

मला राग आला.

दुसऱ्या दिवशी मी लवकरची गाडी धरली. काकाबाबू आधीच आले होते आणि तोच पुंजका उलगडत बसले होते. मी म्हणालो, "काकाबाबू, मला अंबाडीतलं काही येत नाही. त्या दिवशी जे बोललो ते अंदाजानं बोललो. काल साहेबासमोर सांगायला हवं होतं."

"ते मला काल साच्यापाशी कळलं," ते म्हणाले. "मी विचारलं तेव्हाच सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. पण माझी चूक मोठी. एकालाच विचारून मी थांबलो. नवा माल, आणि एकच माणूस!"

मी आज साहेबाकडे जाऊन सांगतो, असं म्हटलं. त्यांनी मला अडवलं नाही. मी गेलो आणि सांगितलं. साहेबानं ऐकून घेतलं, माझी बढती वर्षभर मागे टाकली आणि विषय संपवला.

मी परत आलो तेव्हा काकाबाबू जागेवर नव्हते. अंबाडीची एक जुडी खांद्यावर टाकून ते गिरणीभर फिरत होते. ज्या खात्यात जातील तिथे यंत्रांच्या आवाजावर आवाज काढून विचारत, "हे कोणाच्या देशात पिकतं? कोणाच्या देशात पिकतं?" तिकडे देश म्हणजे आपलं मूळ गाव. लोकांना वाटलं, कालच्या बोलण्यानं म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. मी त्यांच्या मागोमाग चालू लागलो. मला लाज वाटत होती, पण मागे फिरण्याची त्याहून जास्त वाटली असती.

ताग मऊ करायच्या खात्यात मोठमोठे खाचेदार रूळ असत. बायका त्यांत जुड्या सोडत आणि वरून तेलपाणी पडे. त्यांतल्या बऱ्याच जणी गंजम, श्रीकाकुळमकडच्या तेलुगू होत्या. गिरणीत त्यांना सरसकट मद्रासी म्हणत. काकाबाबूंनी तिथेही तोच प्रश्न विचारला. चाळिशीची एक बाई जुडीकडे बघून हसली आणि तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. मग मोडक्या हिंदीत म्हणाली, "हे आमचं गोगू. तुम्ही लोक हे वाईट करता."

"काय वाईट करतो, मा?" काकाबाबूंनी विचारलं.

"सगळं."

जेवणाच्या सुट्टीत ती पडवीत आली. तिचा बाप दोर वळायचा, तीही लग्नापर्यंत वळत होती. तिनं गाठीतून एक जुडी ओढली आणि वरचा चकचकीत भाग बाजूला सारला. त्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. बुडख्याचा वीतभर तुकडा दोन तळव्यांमध्ये धरून तिनं जोरात चोळला, तळवे उघडले आणि आमच्यापुढे धरले. तांबूस भुसा होता.

"पाण्यात कमी ठेवलं," ती म्हणाली. "साल आत बसून आहे. वरून चमकतं, खालून लाकूड. हे इथून कापा." हाताचं कोपर ते बोटाचं टोक, इतकं माप तिनं दाखवलं. "पाणी जास्त. आणि तीन दिवस झाकून ढीग ठेवा, एक नाही. मग चोळा. हात साफ निघाला तर चालेल."

"बारीक धाग्याला?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघून पुन्हा हसली. "जाड्या पोत्याला, बाबू. आडवा धागा. दोराची जात आहे ही."

"मा, चोळून एकदा परत दाखवा," काकाबाबू म्हणाले.

तिनं दाखवलं. त्यांनी स्वतः करून पाहिलं. त्यांचे ते रुंद हात असूनही पहिल्यांदा त्यांना साधलं नाही. तिनं त्यांची मनगटं धरून तळवे उलट्या दिशेनं फिरवायला लावले. जातीपातीचे, हुद्द्याचे संकोच तेव्हा आजच्यापेक्षा बरेच जास्त होते. ते दोघं मात्र आपल्या कामात होते. मग तिनं मलाही जुडी दिली. संध्याकाळपर्यंत माझ्या तळव्यांना फोड आले.

उरलेल्या गाठी आम्ही तिच्या मापानं कापल्या, तीन दिवस दडपून ठेवल्या आणि पोत्याच्या आडव्या धाग्याला दिल्या. सूत चाललं. अगदी न तुटता असं नव्हे, पण चाललं. काकाबाबूंनी साहेबाला जाऊन सांगितलं की हे अमक्या खात्यातल्या बाईनं शिकवलं. अंबाडीचा माल येईल तेव्हा तिला पडवीत बोलवायची परवानगी त्यांनी मिळवली. तिला त्याचं वेगळं काही मिळालं नाही, ही गोष्ट मला बरीच उशिरा खटकली. दोन हंगाम ती आली. तिसऱ्या हंगामात चौकशी केली, तर ती गावी गेली होती आणि परतली नव्हती.

यानंतर मी नम्र झालो असं लिहिणं बरं दिसेल, पण खरं तसं झालं नाही. पुढच्याच पावसाळ्यात आसामच्या मालाबद्दल मी पुन्हा असाच ठामपणे बोललो आणि पुन्हा चुकलो. फरक एवढाच, की त्या वेळी मी त्याच दिवशी कबूल केलं. सवय लागायला पाच-सहा वर्षं गेली. आजही कोणी आदरानं प्रश्न विचारला, की उत्तर ठाऊक नसतानाही ते जिभेवर आलेलं मला जाणवतं.

काकाबाबू निवृत्त झाले आणि त्यांची जागा मला मिळाली. ते जादवपूरकडे निर्वासितांच्या एका वसाहतीत राहत. वर्षभरानं त्रिपुराकडच्या काही गाठी आल्या आणि मला त्यांची प्रत ठरवता येईना. एक जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून मी त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात बसले होते. नजर पुष्कळ अधू झाली होती. त्यांनी जुडी चाचपली आणि परत दिली.

"एका जुडीवरून काय सांगू? गाठी कुठे आहेत?"

"गिरणीत."

त्यांनी सुनेला हाक मारून सदरा मागवला. आम्ही गाडीनं बजबजला आलो. पडवीत ते दोन तास होते. दहाबारा गाठी त्यांनी फोडायला लावल्या, प्रत्येकीतलं काहीतरी ओढून पाहिलं, चोळलं, एका हमालाला दोन प्रश्न विचारले. शेवटी हात झटकून म्हणाले, "निम्मं मला कळलं नाही. ओल आहे, पण ती पावसाची की वजनासाठी मारलेली, सांगता येत नाही. तुला काय वाटतं?"

एव्हाना ते मला तू म्हणू लागले होते. मी मला वाटलं ते सांगितलं, आणि कशाची खात्री नाही तेही सांगितलं. ते बरोबरही म्हणाले नाहीत आणि चूकही म्हणाले नाहीत. "थोड्याच गाठी साच्यावर लाव आधी," एवढंच म्हणाले.

मी चार गाठी लावल्या. नंतर त्यांना चहा पाजला आणि संध्याकाळच्या गाडीत खिडकीजवळ बसवून दिलं.