महाराजांची सात-दहाची वेळ

महाराज माझ्याकडे पहिल्यांदा आले ते भांडायला. अकोल्यात टिळक रोडवर, एका लोखंडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझं केबल चॅनल होतं. दुपारची वेळ होती आणि मी पंख्याखाली बनियनवर बसलो होतो. जिना चढून एक उंच, किडकिडीत गृहस्थ आले. धोतर, खांद्यावर उपरणं, बगलेत छत्री. दारातूनच म्हणाले, "चॅनलचे मालक तुमीच काय? तुमी दुपारी सिनेमा लावता, माही सत्यनारायणाची कथा कोणी ऐकून नाई राहिलं. यजमानीण हात जोडून बसते अन् डोये टीव्हीकडे."

मी म्हणालो, "मंग कथा छोटी करा."

"कथा छोटी होत नाई. सिनेमा अर्धा तास सरकवा. पूजा होईन, प्रसाद वाटून होईन, अन् जमलेल्या बाया मंग तुमचाच सिनेमा पायतीन. तुमचं काई जात नाई, झाला तं फायदाच."

मी आयुष्यभर सौदे केले. नांदगाव खंडेश्वरहून आलो तेव्हा अंगावरचे कपडे सोडून माझ्याकडे काही नव्हतं. लोकांच्या गच्च्यांवरून स्वतःच्या खांद्यावर वायर ओढली. मला कोणी कधी फुकट काही दिलं नाही, मीही दिलं नाही. पण आल्या आल्या स्वतःचं काम साधून समोरच्याला त्याचा फायदा पटवून देणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी चहा मागवला. बशीत ओतलेला चहा संपेपर्यंत त्यांनी माझ्या पाककृतीच्या कार्यक्रमाचीही वाट लावली. "साडेअकराले वांग्याची भाजी दाखवता? तवा लोकाइच्या घरी भाजी शिजून उतरली असते. भाजीवाल्याची गाडी गल्लीत यायच्या आधी दाखवा. वांगे घ्यायचे का नाई, ते तवा ठरते."

त्यांचं नाव दत्तात्रय पाठक. मूळचे अमरावतीचे, घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी. लग्न केलं नव्हतं. अकोल्यात एका खोलीत राहत आणि घरोघरी पूजा सांगत. गुडघे दुखू लागल्याने पाटावर फार वेळ बसवत नव्हतं. मी त्यांना कामावर ठेवलं. आठवड्याचा तक्ता करायचा, म्हणजे कोणता कार्यक्रम किती वाजता लागेल ते ठरवायचं, एवढंच काम. सगळे त्यांना महाराज म्हणत, मीही म्हणू लागलो. ते मला मालक म्हणत, पण त्या शब्दात थोडी थट्टा असायची.

तीस वर्षं ते लोकांच्या देवघरात बसले होते, त्यामुळे कोणत्या घरात केव्हा काय चालतं ते त्यांना पाठ होतं. अकोल्यात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, त्यातही प्रत्येक भागाची पाळी वेगळी. महाराज सकाळी येऊन सांगायचे, "आज जठारपेठेत नळ हाय. बायाइचा कार्यक्रम संध्याकाळी अजून एक डाव लावा. दुपारी त्या पाण्याचे गुंड-हंडे भरून राहिल्या असतीन." मी हसायचो, पण लावायचो. संध्याकाळी फोन यायचे, आणि ते जठारपेठेतूनच यायचे.

कार्यक्रम चालतो की नाही हे तपासायची त्यांची रीतही त्यांचीच होती. रोज एक गल्ली धरायची आणि आपला कार्यक्रम सुरू असताना छत्री टेकत तिथून चालत जायचं. कोणाच्या खिडकीतून कशाचा आवाज येतो, ते ऐकायचं. परत आले की छत्री कोपऱ्यात ठेवून निकाल सांगायचे. "डाबकी रोडले तुमचं भजन बंद पडलं, मालक. सात घरं पायली, एकच आवाज होता, अन् त्या घरची म्हातारी झोपली होती."

शाळांची स्नेहसंमेलनं आम्ही दाखवायचो. मी आधी पडद्याच्या खाली पट्टी चालवत असे की पाचवी ब चा नाच इतक्या वाजता. महाराजांनी ती काढायला लावली. "कोणत्या वर्गाचा नाच कधी, ते सांगू नका. आपलं पोरगं दिसेपर्यंत लोक बसतीन. दिसलं की आजीले बोलावतीन, तवर नाच संपते. मंग पुन्हा कधी लागते म्हणून उद्या बसतीन." ही युक्ती मला सुचायला हवी होती. सुचली नाही याचा मला आजही राग येतो.

पण त्यांचं खरं काम म्हणजे सकाळची सात वाजून दहा मिनिटांची वेळ. त्या वेळेला आमच्याकडे निधनवार्ता लागायच्या. कोणाच्या घरी माणूस गेला की साडेसहाच्या आत चिठ्ठी आणि फोटो घेऊन नातेवाईक आमच्या जिन्यावर यायचे. महाराज स्वतः चिठ्ठी वाचून घ्यायचे, नाव दोनदा विचारायचे, अंत्ययात्रा कुठून आणि किती वाजता हे तीनदा. मग सात-दहाला एक-एक फोटो, खाली नाव, वेळ, ठिकाण. संगीत नाही, जाहिरात नाही, पैसेही घ्यायचे नाहीत. हे त्यांनी पहिल्याच महिन्यात माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं.

"सातच्या आत लावली तं बाई पाण्याजवळ असते, माणूस तोंड धुते," ते म्हणायचे. "साडेसातले लावली तं माणूस डबा घेऊन निघते. सात-दहाले दोघं बी चहा पिऊन राहिले असतात. ज्याले जायचं हाय त्याले रजा मागायले टाइम भेटते, बस भेटते."

शहराला त्याची सवय लागली. लोक चहा घेऊन टीव्हीसमोर बसायचे. आज कोणी ओळखीचं नाही ना, हे बघून मग दिवसाला लागायचे. आणि बसलेला माणूस लगेच उठत नाही. म्हणून महाराजांनी त्याला जोडून गावच्या बातम्या ठेवल्या आणि बातम्यांना जोडून बाजारभाव. आमची तार पुढे बार्शीटाकळीपर्यंत गेली तेव्हा तिथेही तेच झालं. सात ते आठ हा तास माझ्या चॅनलचा सगळ्यात भारी तास झाला.

भारी झाला म्हणूनच त्याला गिऱ्हाईक आलं. गुडघेदुखीचं तेल विकणारी बाहेरगावची एक पार्टी होती. त्यांना अर्ध्या तासाचा जाहिरातीचा कार्यक्रम रोज लावायचा होता, आणि तो सातलाच हवा होता. मी दोन दिवस त्यांना रगडलं. अशा पार्ट्या चार महिन्यांत पळून जातात हे मला माहीत होतं, म्हणून करारात मी अट घातली की तीन वर्षं दोघांपैकी कोणालाही मागे हटता येणार नाही आणि वेळ बदलता येणार नाही. ते कुरकुरले, मी ऐकलं नाही. सही झाली तेव्हा मी पेढे वाटले.

महाराजांनी पेढा हातात धरून ठेवला. "अन् निधनवार्ता?"

"पावणेबाराले लावू. तवा काई नसते."

"तवा काई नसते, कारण तवा कोणी नसते."

"महाराज, चॅनल म्या उभं केलं. वायर म्या ओढली."

"हाव, ओढली ना," ते म्हणाले. "म्या कुठं नाई म्हनलो?" पेढा त्यांनी टेबलावर ठेवला आणि नवीन तक्ता करायला बसले. मला वाटलं, मिटलं.

पंधराएक दिवसांनी तेलाचा कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच रात्री अकोल्यातले एक निवृत्त हेडमास्तर वारले. घरच्यांनी नेहमीप्रमाणे सकाळी चिठ्ठी आणून दिली. अंत्ययात्रा अकरा वाजता होती. वार्ता पावणेबाराला लागली. चिठ्ठी घेतली तेव्हाच ती उशिरा लागणार हे महाराजांना दिसत होतं. त्यांनी वर येऊन मला सांगितलंही. मी तेलाच्या पार्टीशी फोनवर होतो, हातानेच नंतर या म्हणालो.

दुपारी दोनच्या सुमारास बार्शीटाकळीहून शामराव नावाचे एक म्हातारे शिंपी आले. हेडमास्तरांचे चाळीस वर्षांचे दोस्त. पावणेबाराला जेवायला बसताना त्यांनी फोटो पाहिला आणि ताटावरून उठून बस धरली. स्मशानात पोचले तेव्हा माणसं पांगली होती आणि चिता खाली बसत होती. तिथून घरी परत न जाता ते आमच्याकडे आले. कागदात गुंडाळलेला हार अजून हातात होता. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले आणि महाराजांना विचारलं, "महाराज, टायमिंग बदललं काय जी? मी तं सातपासून बसलो होतो. तेलाचंच चालू होतं. मले वाटलं, आज कोणी गेलं नाई."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर मी उत्तर दिलं असतं. मी वरच्या कठड्यावरून सगळं ऐकत होतो.

महाराज वर आले. गुडघ्यांमुळे एकेक पायरी घेत आले. माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "मले काई सांगू नका. खाली जाऊन त्याले सांगा."

"मी काय सांगू? करार झाला हाय."

"तेच सांगा. पण खाली जाऊन सांगा."

मी खाली गेलो नाही. कागद चाळत बसलो. थोड्या वेळाने पाहिलं तर पायरी रिकामी होती.

महाराजांनी त्या दिवशी पुढच्या आठवड्याचा तक्ता पूर्ण केला, सरळ रेघा मारून. तो भिंतीवर लावला आणि छत्री उचलली. मी ओरडलो, "विसर्जनाचं थेट प्रक्षेपण सहा दिवसांवर हाय अन् तुमी चालले? जा! तुमच्यासारखे पन्नास भेटतीन." पूर्ण ऑफिसने ऐकलं. ते फक्त म्हणाले, "विसर्जनाचं तक्त्यात लिवलं हाय. मानाचा गणपती किती वाजता कोणत्या चौकात येईन, ते बी लिवलं हाय." आठवड्याच्या आत खोली सोडून ते अमरावतीला पुतण्याकडे गेले.

पन्नास काय, एकही भेटला नाही. दोन पोरं ठेवली, नंतर कॉम्प्युटर आणला. तो भरलेलं सगळं ओळीने लावायचा, भाजीची गाडी गेली की यायची आहे हे त्याला काय ठाऊक? सकाळचा प्रेक्षक आधी गेला. तेल पाहायला कोण चहा घेऊन बसणार? मग बातम्या पडल्या, मग बाजारभाव. पार्टीला करार मोडायचा होता, हे मला दिसत होतं. मलाही मोडायचा होता. पण मोडायला जो पहिला तोंड उघडेल त्याच्यावर सगळा भुर्दंड पडेल, असं कलम मीच इतकं पक्कं बांधलं होतं की वकिलाने ते वाचून मला विचारलं, "हे कोणी लिहिलं?" आम्ही दोघंही तीन वर्षं एकमेकांना धरून बुडालो. त्यात गावात जो भेटेल तो हेच ऐकवायचा, "महाराज होते तवा तुमचं चॅनल होतं बुवा." वायर मी ओढली होती, हे कोणाच्या लक्षात नाही.

करार संपला त्याच दिवशी मी निधनवार्ता सात-दहाला आणल्या आणि दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याची गाडी धरून अमरावतीला गेलो. महाराज पुतण्याच्या घरी पुढच्या खोलीत खाटेवर बसले होते. खूप वाळले होते. घरात चार माणसं होती, चौघांच्या कानात काहीतरी खोचलेलं. भिंतीवरचा टीव्ही बंद. मी म्हणालो, "इथं बी फिरता का गल्लीतून?"

"फिरतो. पण बाहेर काईच येत नाई आता. ज्याच्या कानात हाय, त्याच्याच कानात राहते."

मी वेळ न घालवता बोलणं काढलं. "महाराज, सात-दहा परत आणली. तुमी चला. अर्धी भागी देतो. चॅनलवर तुमचं नाव टाकतो."

"किती चिठ्ठ्या येतात?"

"दोन-तीन येतात रोज."

कालपासून एकही आली नव्हती, आणि ते त्यांना माझ्या तोंडावरच दिसलं. मी म्हणालो, "येतीन."

"नाई येणार. आता मोबाइलवर जाते समदं. वेळ तुमची होती, मालक, तुमी विकली. सवय लोकाइची होती."

"ते तं तसे बी गेलेच असते! सगळ्या गावाचं तेच झालं."

"गेले असते," महाराज म्हणाले. "पण त्याइनं आपल्याले सोडाच्या आधी आपण त्याइले सोडलं."

माझं डोकं भडकलं. तीन वर्षं साठवलेलं सगळं बाहेर आलं. "मंग तवा भांडले काहून नाई? पयल्या दिवशी तं सिनेमासाठी भांडले होते! एक डाव टेबलावर हात आपटला असता तं म्या ऐकलं असतं. गुपचूप रेघा मारून निघून गेले. मले बुडू देलं तुमी!"

पुतण्याने कानातलं काढून आमच्याकडे पाहिलं. महाराजांनी खाटेवरून पाय खाली सोडले. मग म्हणाले, "तवा मी एकच गोष्ट मागतली होती. खाली जा म्हनलो होतो. त्याले पैसे नव्हते पायजे, वेळ बी नव्हती पायजे. तुमी खाली आले असते, तं मी गेलो नसतो."

मी उठलो. महाराज घड्याळाकडे पाहून म्हणाले, "चारची गाडी भेटते अजून. निघा."

मी पुढे सात महिने सात-दहाची वेळ रिकामी ठेवली. रोज साडेसहाला जिन्यावरचा दिवा लावून बसायचो. एकही चिठ्ठी आली नाही. माणसं मरतच होती, मोबाइलवर त्यांचे फोटो मलाही यायचे. मागच्या महिन्यात चॅनल बंद केलं. त्या दिवशी फोन जवळ घेऊन बसलो होतो, कोणीतरी विचारेल की आज काही दिसत का नाही. संध्याकाळपर्यंत एका घरातूनही फोन आला नाही.