काय चालवणार यावर?

शोभामावशींच्या दुकानात वायर मागितली की लगेच मिळत नसे. पक्कड हातात धरून त्या आधी विचारत, "काय चालवणार यावर?" उत्तर मिळेपर्यंत पक्कड तशीच उघडी राहायची. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं, मी नववीत होते. बाबांनी मला पाच मीटर वायर आणायला पाठवलं होतं. मला ते ठाऊक नव्हतं, आणि तसं सांगायलाही शब्द जुळेनात. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. अनोळखी माणसाशी मराठीत बोलायचं तर वाक्य मनात दोनदा जुळवून घ्यावं लागे. "घरी विचारून ये," त्या म्हणाल्या. मी विचारून आले. "इस्तरी." "बरं. कुठून कुठे नेणार?" मी पुन्हा घरी. तिसऱ्या खेपेला त्या हसल्या. "पाय दुखले का गं? पण आता योग्य वायर जाईल."

पंचवटीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर ते दुकान होतं. त्यांचे यजमान, आप्पा, वायरमन. ते दिवसभर कामांवर, म्हणून गल्ला आणि गिऱ्हाईक मावशींकडे. माहेर नांदगावकडचं, त्यामुळे बोलण्यात 'लय' आणि 'नाय' डोकावत. शाळा सातवीपर्यंत झालेली. पण वायरचं टोक सोलून आतल्या तांब्याच्या तारा पाहिल्या की ती किती भार सोसेल ते त्या अचूक सांगत.

लोक वैतागायचे. एक गृहस्थ पाणी तापवायच्या हीटरसाठी स्वस्तातली बारीक वायर मागत होते. "मावशी, वायर ती वायर. द्या ना."

"भाऊ, हीटरला लय भूक असते. ही बारकी पोर त्याला किती वाढणार? तीच करपंल."

दुसऱ्या कुणी झिरोच्या दिव्यासाठी जाड वायर मागितली, तर त्यालाही नकार. "त्याला हत्तीचा साखळदंड कशाला? बारीकच न्या." दोन तुकडे टेपने जोडून त्या कधीच देत नसत, लांब हवी तर अखंड घ्या. आणि माणूस पायरी उतरताना मागून आवाज यायचाच, "वेटोळं पूर्ण सोडून वापरा! वरून काही टाकू नका, तिलाही उकडतं!" मी पेन्सिल सेल घ्यायच्या निमित्ताने जाऊन कोपऱ्यात उभी राहून हे सगळं ऐकत असे.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं. ती घरी आली तेव्हा नाशिकची थंडी ऐन भरात होती. बाबांनी खोलीत ठेवायचा हीटर आणला. त्याचा मोठा प्लग आमच्या बोर्डात बसेना, आणि आईची खाट बोर्डापासून लांब, खिडकीशी. बाबांनी टेबलफॅनची जुनी एक्स्टेंशन काढली, मध्ये अडॅप्टर घातला आणि आई अडखळू नये म्हणून वायर गालिच्याखालून नेली.

दुसऱ्या दिवशी अनवाणी चालताना गालिचा एका ठिकाणी उबदार लागला. हे बरं नाही, एवढं मावशींमुळे मला ठाऊक होतं. बाबांना सांगणार होते. पण ते बँकेतून दमून आले होते, आणि "आता तू मला शिकव" हे त्यांचं वाक्य मला ऐकायचं नव्हतं. असे चार दिवस गेले. रोज मी त्या जागी पाय ठेवून पाहायची. रोज ती जागा आदल्या दिवसापेक्षा गरम. आणि तिथून हातभर अंतरावर आई झोपलेली.

त्या चौथ्या दिवशी संध्याकाळी खाली गेले आणि एक बल्ब मागितला. मावशींनी तो लावून दाखवला, कागदात गुंडाळून दिला. तरी मी हलले नाही.

"बोल, पोरी. दुकान काही पळून जात नाय."

"आमचा गालिचा गरम लागतोय."

त्यांनी पुढे एक शब्द विचारला नाही. गिऱ्हाइकांना थांबायला सांगितलं, टेस्टर उचलला आणि जिना चढल्या. आधी बटण बंद केलं, मग प्लग काढला, मगच गालिचा उचलला. वायरचं प्लास्टिक मऊ होऊन गालिच्याच्या दोऱ्यांना चिकटलं होतं. फरशीवर तपकिरी रेघ उमटली होती. आई उठून बसली.

"ती अडखळेल म्हणून मी..." बाबा म्हणाले.

"साहेब, काळजी बरोबरच होती तुमची. पण वायर लांबवायची नाय, खाट सरकवायची."

कामावरून परतल्यावर आप्पांनी भिंतीत जाड वायरचा, अर्थिंग असलेला वेगळा पॉइंट काढून दिला. आम्ही खाट त्या भिंतीकडे आणली. हीटर अंथरुणापासून किती लांब ठेवायचा, ते मावशींनी पावलं टाकून दाखवलं.

निघताना जिन्यात त्यांनी मला विचारलं, "कधी लक्षात आलं तुझ्या?"

"काल," मी खोटं बोलले.

"बरं," म्हणाल्या आणि उतरून गेल्या.

आई बरी झाली. ते 'काल' मात्र माझ्या मनातून गेलं नाही. नंतर घरात काही खटकलं तर मी त्याच दिवशी बोलायला लागले. बाबा आधी चिडत, मग उठून पाहत.

पुढे आप्पांच्या गुडघ्यांना शिडी चढवेना. दोघांनी दुकान आवरून नांदगावला जायचं ठरवलं. मी तेव्हा नोकरीला लागले होते. रविवारी वायरची बंडलं खोक्यात भरू लागायला खाली गेले. अर्धी बंडलं भरून झाली तेव्हा मी बोलले.

"मावशी, तेव्हा मी 'काल' म्हणाले होते. खरं तर चार दिवस झाले होते."

त्यांचे हात थांबले नाहीत. "ठाऊक हाय. एका दिवसात वायर अशी चिकटत नाय."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलले असते, तर पुढच्या वेळी तू आली असतीस का?"