चारच्या एसटीचं चित्र

आज नातीने काळ्या शाईची बाटली उघडली आणि तो जुना वास घरभर पसरला.

आमचे हे लग्नाआधीपासून नगरच्या पेपरात रोज चार चौकटींचं हसवणारं चित्र काढायचे. राहुरीहून ते चारच्या एसटीने जायचं, म्हणून ओल्या शाईवर मी पदराने वारा घालायची.

त्या दिवशी पेपरवाल्यांचा फोन आला, उद्यापासून चित्र नको. मी वारा घालतच राहिले.

"अगं, बस कर. आता वाळायची घाई न्हाई."

"बरंच झालं की! दुपारचं जरा झोपाल तरी."

ते हसले. मला वाटलं, सुटले बिचारे.

त्यानंतर ते रोज दुपारी भिंतीकडे तोंड करून पडायचे. झोप मोडू नये म्हणून मी भांड्याचासुद्धा आवाज करत नसे.