गेटपासचा टेन्शन-फ्री वाढदिवस

माझा धाकटा भाऊ एका कारखान्याच्या गेटवर बसतो. एकोणीस वर्षं तो येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं रजिस्टरात उतरवतोय. आधी आडनाव, मग नाव, कुणाकडे काम, आत कधी, बाहेर कधी. एवढ्या जोरावर त्याला वाटतं की कारखाना आपणच चालवतो. घरात आम्ही त्याला गेटपास म्हणतो. त्याला तो मान वाटतो, यावरून काय ते समजा.

लेकीच्या सातव्या वाढदिवसाआधी त्याने जाहीर केलं, "यंदा टेन्शन घ्यायचं नाही. सगळं आधीच ठरवून टाकायचं!" ज्याच्यामुळे घरात टेन्शन असतं त्यानेच हे म्हणावं! भावजयीला ताण कमी करायचा एकच उपाय माहीत होता, नवऱ्याला कामावर पाठवणं. तो त्याने रजा टाकून हाणून पाडला.

खरं तर या वाढदिवसात एकच गोष्ट मोलाची होती. घर बदललं, शाळा बदलली, तेव्हापासून पोरीने तोंडाला कुलूप लावलं होतं. चार महिने वर्गात एक शब्द नाही. बाईंनी दोनदा आईबापांना बोलावून घेतलं. मग बाकावर शेजारी एक नवी मुलगी आली आणि आमची पोर घरी येऊन म्हणाली, "आत्या, आज मी चिमणीशी बोलले." तेव्हापासून उठताबसता चिमणी. ती समोरच्याच इमारतीत राहते, हेही पोरीनेच सांगितलं. वाढदिवस हवा होता तो चिमणी घरी यावी म्हणून. बाकीची अकरा मुलं तिच्या लेखी नुसती गर्दी होती.

गेटपास यादी करायला बसला. पोरीने नावं सांगितली, त्याने उतरवली. बाराव्या ओळीत ‘चिमणी’. आडनावाच्या रकान्यात त्याने रेघ मारली. तिचं खरं नाव काय, हे विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण साहेबांना कार्यक्रमपत्रिकेची घाई होती. ती त्याने भिंतीवर डकवली. चार ते चार-दहा आगमन. चार-दहा ते साडेचार संगीत खुर्ची. साडेचार ते चार-चाळीस मोकळा वेळ, देखरेखीखाली. मोकळ्या वेळेवर देखरेख ठेवणारा माणूस माझा सख्खा भाऊ आहे, हे सांगतानाही मला लाज वाटते.

वाढदिवसाच्या दिवशी त्याने दारातच टेबल मांडलं. रजिस्टर, पेन, घड्याळ. "आधी आडनाव!" एका मुलाला आडनावच आठवेना, त्याने भोकाड पसरलं. स्वयंपाकघरात मी आणि भावजय सँडविच कापत त्याची नक्कल करत होतो. तेवढ्यात एका बारीक आवाजाने पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, अगदी खणखणीत. मग गेटपास म्हणाला, "यादीत नाही, बाळ. दुसऱ्या कुणाकडे आली असशील." एका मोठ्या मुलीचा आवाज काहीतरी समजावत होता. तो म्हणाला, "ते ठीक आहे, पण नाव नाही ना!"

"गेली, एक पाहुणी परत गेली!" मी म्हटलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

केकची वेळ झाली. पोर सुरी हातात धरून दाराकडे बघत राहिली. "चिमणी यायचीय."

गेटपासने यादीवर खूण केली. "चिमणी, गैरहजर. चला पुढे." तिने केक कापला आणि त्यानंतर ओठ मिटले ते मिटलेच.

सहा वाजता मुलं गेली. पोर दारातल्या टेबलापाशी बसून एकेक अक्षर जुळवत रजिस्टर वाचत होती. परत पाठवलेल्यांचीही नोंद ठेवतो हा बहाद्दर! एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

"बाबा, ही चिमणीच आहे. बाई हजेरीत हेच नाव घेतात."

गेटपासचा चेहरा पडला. पडायलाच हवा होता. पण तो आवाज मीही ऐकला होता. चार पावलं टाकून बघायचं सोडून मी हसत बसले होते.

पोर, तिचा बाप आणि मी समोरच्या इमारतीत गेलो. दार चिमणीच्या मोठ्या बहिणीने उघडलं. मागे चिमणी उभी होती, अजून नव्या फ्रॉकमध्ये.

"जरा घोटाळा झाला," गेटपास म्हणाला. "म्हणजे यादीत तुझं..."

"माझं नाव नाहीये ना, काका," चिमणी म्हणाली.

तेव्हा आमची मुकी पोर बापाला ढकलून पुढे घुसली आणि जिना दणाणेल अशी ओरडली, "यादी बाबांची आहे! वाढदिवस माझा आहे! मी बोलावलं होतं तुला!"

चिमणीने तिच्याकडे नीट बघून घेतलं. मग तिचा हात धरून तिला आत ओढलं आणि दार लावून टाकलं.

आतून दोघींची बडबड ऐकू येत होती, एकीचं वाक्य संपायच्या आत दुसरीचं सुरू. आम्ही भाऊ-बहीण बाहेर पायपुसण्यावर उभे होतो. आम्हाला कुणी आत या म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.