गोष्टीतून गाळलेला बैल

उसात गुरं लपवल्याची गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो. लग्नाच्या मांडवात, पारावर, नातवंडांपुढे. लोक पोट धरून हसतात, आणि सांगताना मलाही चेव येतो. पण त्या गोष्टीतला एक बैल मी दर वेळी गाळला. का गाळला हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता सगळी सांगतो. हसू येईल तिथं हसा, त्या दिवशी मीही हसलोच होतो.

लढाईची वर्षं होती. आमचं गाव कऱ्हाडपासून बैलगाडीच्या अंतरावर. माझं लग्न ठरत होतं, मिसरूड फुटून जुनी झाली होती आणि अंगात नुसती रग होती. आमच्याकडे बैल एकच. एका बैलावर शेती होत नाही, म्हणून आमच्यात सावड करायची रीत होती. एक बैल आपला, एक दुसऱ्याचा, दोघांची जोडी करून आधी एकाचं रान करायचं, मग दुसऱ्याचं. आमची सावड भावकीतल्या एका वहिनीशी होती. तिचा नवरा पलटणीत होता, मुलगा अजून पाळण्यात. थोरल्या दिराचा तिच्या रानावर डोळा होता. "बाईमाणसाला कशाला शेती, मी करतो, तुला खायला घालतो," असं तो चारचौघांत म्हणायचा. ती ऐकून घ्यायची आणि बैल घेऊन रानात जायची. दावणीला बैल होता म्हणून ती सावडीला उभी राहू शकत होती, आणि सावड होती म्हणून तिचं रान तिच्या हातात होतं. हे सगळ्या गावाला कळत होतं. मलाही.

त्या साली कृष्णेच्या खालच्या अंगाला बुळकांडी आली. जनावराला ताप भरायचा, डोळ्यातोंडातून पाणी गळायचं, मग असा जुलाब लागायचा की धडधाकट बैल पाहता पाहता आडवा व्हायचा. एका संध्याकाळी गावात दवंडी पिटली. उद्या सकाळी गुरांचा डॉक्टर येणार, पाटलाच्या दारात गुरं टोचणार, पैसा पडणार नाही.

रात्रभर गावात दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं, टोचलेली गाय गाभडते, पोटातलं वासरू टाकते. कुणी म्हणालं, टोचलेलं जनावर सरकार लिहून घेतं आणि पुढं लढाईवर नेऊन कापतं. हे आम्हाला एकदम पटलं, कारण तेव्हा सरकारबद्दल काहीही सांगितलं तरी पटायचं. आमच्या घरातली अडचण मात्र खरी होती. पाऊस नुकताच उघडला होता आणि शाळू पेरायला रानाला वापसा येत होता. वापसा म्हणजे माती धड ओली नाही, धड कोरडी नाही, मुठीत धरली तर गोळा होते आणि बोटानं दाबली तर फुटते. ती वेळ चार दिवस टिकते, फार तर पाच. आणि टोचलेल्या बैलाला ताप येतो, आठ दिवस जुंपायचा नाही, असं डॉक्टरनं दवंडीतूनच कळवलं होतं.

वहिनी सांजेला आमच्या दारात आली. वडिलांसमोर ती थेट बोलत नसे. डोक्यावरचा पदर सारखा करून आईशी बोलायची, पण वडिलांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"आत्याबाई, माज्या म्हायारला पलूसकडं गेल्या साली हाच रोग आला. टोचलेली जनावरं तेवढी ऱ्हायली, बाकीची ग्येली. मी डोळ्यानं बगितलंय. दोनी बैलं संगट टोचू. तापतील तर संगट तापतील, उटतील तर संगट उटतील."

वडील तंबाखू मळत म्हणाले, "आन् वापसा थांबतोय व्हय तवर? त्याला कुनी सांगायचं, बाबा, आमचं बैल तापल्यात म्हनून?"

आईला हसू आलं. वहिनीला आलं नाही. ती म्हणाली, "मंग माजा तेवढा टोचून घेते."

बैल तिचा होता. ती गेल्यावर वडील एवढंच म्हणाले की एक बैल तापला काय आणि दोन तापले काय, पेरणी गेलीच. त्यांनी मला काही करायला सांगितलं नव्हतं. हे मुद्दाम लिहितो.

सकाळी आम्ही पाचसहा जण एकत्र आलो आणि बेत ठरला. गुरं न्यायची कुठं? गावात दडवण्याजोगा ऊस एकट्या पाटलाचा. पुरुषभर उंच, आत शिरलेला माणूस दिसत नव्हता. म्हणजे पाटलाच्या ओसरीवर डॉक्टर चहा पिणार आणि पाटलाच्याच उसात आमची गुरं! या विचारानंच आम्ही हसून लोळायला लागलो. गुरांच्या गळ्यातल्या घंटांत पाला कोंबला आणि ओढ्याच्या अंगानं एकेक जनावर आत घालायला लागलो. पात्यांनी तोंडं कापत होती, सरीतल्या चिखलात पाय रुतत होते, आणि गुरांची तर दिवाळी झाली होती. एरवी वाढ्याला, उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्याला, तोंड लावलं की पाठीत काठी बसायची, आज मालकच म्हणत होता, खा बाबा, पण ओरडू नको. एकाची म्हैस पाण्यात बसली ती उठेना. तो तिच्या पाया पडायला लागला तेव्हा दुसरा कुजबुजला, "गड्या, तिला डाक्टरकडंच सोड. टोचल्यावर पळंल तरी." हसू दाबून माझ्या पोटात कळा आल्या.

लोकांना मी सांगतो ती गोष्ट इथपर्यंत. आता गाळलेला भाग.

आमचा बैल सोडून मी निघालो तो वहिनीच्या दारावरून. तिचा बैल दारातल्या खुंटाला बांधलेला होता, धुऊन स्वच्छ केलेला. ती नंबर कधी लागेल हे विचारायला पाटलाच्या दारी गेली होती. आमचा बैल थांबला, तिचा हंबरला. मी दाव्याची गाठ पाहिली. घट्ट होती, मला नखं लावून सोडावी लागली. सोडल्यावर त्याला ओढावंही लागलं नाही. जोडीदार चालला म्हटल्यावर तो आपणहून त्याच्या डाव्या अंगाला आला, जुंपल्यासारखा. मला वाटलं, बघा, बैलालाही कळतं. पेरणी वाचली, वडील खूश होतील, आणि वहिनीचं तरी काय वाईट होणार, तिचंही रान वेळेवर पेरलं जाईल. एवढाच विचार. बाकी सगळी मजा होती.

डॉक्टरची लस बर्फात घालून आणलेली होती. बर्फ असेपर्यंतच ती चालणार. सूर्य डोक्यावर आला तरी वहिनी बांधाबांधानं बैल शोधत होती. ती उसाच्या कडेला आली आणि तिनं त्याला हाक मारली. आत त्यानं कान टवकारले. मी त्याच्या तोंडात वाढ्याचा घास कोंबला आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. तेही मला चोरीच्या खेळासारखंच वाटत होतं. मग ती उसात शिरेल म्हणून त्याला वाढं चघळत सोडून मी दुसऱ्या बाजूनं बाहेर पडून तिच्यासमोर आलो.

"भावजी, माजा बैल बगितला का वो?"

"न्हाई," मी म्हणालो.

डॉक्टर तिच्यासाठी बराच वेळ थांबला होता, असं नंतर कळलं. बर्फाचं पाणी झालं तसा सामान सायकलला बांधून गेला.

दिवस कलल्यावर मी तिचा बैल तिच्या दारात नेला. ओढ्यापलीकडे घावला म्हणून सांगितलं. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, त्याचं वशिंड चाचपलं आणि मला म्हणाली, "गाठ सैल ऱ्हायली माजी. तुमी हाईसा म्हणून घावला." मला वाटीभर दूध दिलं. मी प्यालो.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला आम्ही पेरणीची पाभर जुंपली. तशी पेरणी मी पुन्हा पाहिली नाही. रान लोण्यासारखं चालत होतं. मी बैल हाकत होतो, ती चाड्यावर मूठ धरून बी सोडत होती, आणि जोडी अशी खांद्याला खांदा लावून चालली होती की वडील बांधावरून ओरडून म्हणाले, आरं जरा दमानं. आमचं झालं, मग तिचं झालं. शेवटचं तास टाकल्यावर ती हसली. म्हणाली, जाऊ द्या, वापसा तरी घावला. मला त्या घडीला खरंच वाटलं की मी तिचं भलंच केलं.

शाळू गुडघ्याला लागायच्या आत बुळकांडी आमच्या गल्लीत आली. आधी आमचा बैल गेला. त्याचं दुःख झालं, पण ते आमचं होतं. टोचायचं नाही हे आमच्या घरानं ठरवलं होतं आणि आम्ही भोगलं. मग तिचा आजारी पडला. ती त्याला बांगडीच्या हातानं पेज पाजायची, माश्या वारायची, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची की गाठ नीट बांधली असती तर आज हा वाचला असता. पाटलाच्या दारी टोचून घेतलेली गुरं ओढ्यावर चरत होती. ती तिला रोज दिसत.

आम्ही पुढं हातउसने करून दुसरा बैल आणला. तिला ते जमलं नाही. बैल नाही तर सावड नाही. आम्हीही सावडीला दुसरा माणूस पाहिला. दिरानं उभ्या पिकासकट तिचं रान ताब्यात घेतलं. शाळू त्या साली कधी नव्हे इतका आला, आणि आपण पेरलेल्या रानात ती दिराच्या मजुरांबरोबर कणसं खुडत होती. लढाई संपून नवरा आला तेव्हा रान भावाच्या वहिवाटीला लागलं होतं. त्यांनी गाव सोडलं.

तिला गाठीची सवयच लागली होती. पाण्याचा दोर, शिदोरीचं फडकं, पाळण्याची दोरी, सगळ्याला गाठीवर गाठ. गल्लीत थट्टा व्हायची. त्या थट्टेत मीही हसलो आहे.

सांगायला मी गेलो नाही असं नाही. गाव सोडल्यावर तिचा नवरा नोकरीला लागला होता; त्याची बदली मिरजेला होती तेव्हा एकदा दारापर्यंत जाऊन परत आलो. शेवटचा गेलो तो साताऱ्याला, मुलाच्या घरी. ती पार थकली होती, पण मला आवाजावरून ओळखलं. एसटीत सगळ्या वाटेनं मी वाक्य घोकलं होतं. चहा आला. तिनं नातीला जवळ बोलावलं आणि सांगितलं, "पाया पड. ह्ये भावजी. दिसभर उन्हातानाचं फिरून माजा बैल ह्यांनीच हुडकून आणला हुता."

पोरगी वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोंड उघडलं आणि गावाकडच्या पावसापाण्याचं बोललो. पुढच्या हिवाळ्यात वहिनी गेल्याचा निरोप आला.

घोकलेलं वाक्य असं होतं: वहिनी, तुमची गाठ घट्ट होती, बैल मी सोडला, तुमचं रान माझ्यामुळं गेलं, मला माफ करा.